पाणपोईचं पाणी

कांताबाईच्या वावरातली विहीर रस्त्यापासून फार लांब नव्हती, पण भर उन्हाळ्यात तिथवर पायी जायचं म्हणजे जिवावर यायचं. दीपमालाच्या चपलेचा अंगठा तुटला होता. त्याला सुतळी बांधून ती चालत होती. डोक्यावर एकावर एक पाण्याचे दोन रिकामे गुंड, काखेत कळशी. नळ गावाला चौथ्या रोजी यायचा आणि तोही आजारी माणसासारखा, थोडा वेळ बसून परत जायचा. मधले दिवस ज्याला जिथं मिळेल तिथून भरायचं. पंचायतीनं टाकीच्या भिंतीवर निळ्या अक्षरात 'पाणी वाचवा' असं रंगवून ठेवलं होतं आणि त्या भिंतीच्याच बुडातून पाणी गळत होतं. तिथं गावची डुकरं सुखात लोळत.

विहिरीवर मोटार चालू होती. उन्हाळी भुईमुगाला पाणी चाललं होतं. मोटार बंद होण्याआधी दीपमालाच्या वस्तीतल्या बायकांनी हौदावर यायचं, पाइपाच्या धारेखाली भांडं धरायचं, हौदात बुडवायचं नाही, कांताबाईच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, असा तिथला रिवाज. तो कोणी कुठं लिहून ठेवला नव्हता. लिहायची गरजही नव्हती.

बाभळीखाली खाटेवर कांताबाई बसली होती. तिच्यासोबत नागपूरकडची कोणी पाहुणी होती. कांताबाई मनानं वाईट नव्हती. कधी मूठभर शेंगा द्यायची, दीपमालाच्या पोरीच्या परीक्षेची चौकशी करायची. पण तिच्या जिभेला दावं नव्हतं.

"काय व दीपमाला, बुद्धपौर्णिमा आली जवळ. तुह्या सासऱ्याची पानपोई लागन ना यंदा?"

"लागन ना जी, काकूजी. दरसाली लागते."

"मंग ट्रॅक्टर पाठवा लागन आमाले." कांताबाई पाहुणीकडे वळली. "वीस वर्सं झाली, बाप्पा. पानी आमचं अन् पुन्य या लोकाईचं! बोर्डावर नाव बी इच्या सासऱ्याचंच."

पाहुणी हसली. तोंडावर पदर धरून, पण पोटभर हसली.

दीपमाला धारेखाली गुंड धरून उभी होती. गुंड अर्धा भरला होता. तिनं तो पाहिला, आडवा केला आणि पाणी भुईमुगाच्या सरीत सोडून दिलं. कांताबाईचं बोलणं खोटं असतं तर तिनं तिथंच उत्तर दिलं असतं. ते खोटं नव्हतं, हेच तिला झोंबलं. रिकामे गुंड डोक्यावर घेऊन ती चालू लागली.

"अवो, काऊन चालली? भर ना!" कांताबाई मागून ओरडली.

दीपमाला सुतळीची चप्पल फरफटत रस्त्याला लागली.

घरी सासरे बापूराव कूलरपुढे बनियनवर बसले होते. सत्तरी कधीच ओलांडली होती, पण पाठ अजून ताठ. शाळेत शिपाई म्हणून त्यांनी उभी हयात घालवली, आणि हयातभर दर बुद्धपौर्णिमेला गिरडच्या रस्त्यावर कडुनिंबाखाली पाणपोई लावली. लहानपणी याच रस्त्यावरच्या एका पाणपोईवर त्यांना बांबूच्या पन्हळीतून, हातभर लांबून पाणी मिळायचं. ओंजळीत कमी पडायचं आणि कोपरावरून जास्त गळायचं. पुढं कमावते झाल्यावर त्यांनी पहिल्या पगारातून स्टीलचे ग्लास आणले. त्यांच्या पाणपोईवर जो येईल त्याच्या हाताला हात लावून ग्लास द्यायचा, आणि तोही काठोकाठ. एवढा एकच हट्ट त्या माणसानं जन्मभर केला.

दीपमालानं गुंड खाली ठेवले. "मामाजी, यंदा पानपोई आपल्या घरच्या पान्यावर लावू."

"कोनतं पानी?"

"नळाचं. आपल्या वाट्याचं."

तिचा नवरा अश्वजित दारात बसून थापी घासत होता. तो गवंडी, हिशोब त्याला चटकन समजे. "डोकं फिरलं काय व? आपल्यालेच पुरत नाई. दिवसभर रस्ता पानी पेते तिथं. त्यापेक्षा कॅन आनू ना."

"दानाचं पानी इकत आनत नसतात," बापूराव म्हणाले. त्यांचे डोळे मात्र चमकले होते. "पन घरचं... आपल्या घरचं... असं झालं तं बापा, लय मोठी गोष्ट होईन. पन हे तुह्या मनात आलं कुठून?"

"आलं," दीपमाला म्हणाली, आणि चूल पेटवायला गेली. विहिरीवरचं काही सांगितलं नाही. म्हाताऱ्याला ते हसू ऐकवायची तिची छाती झाली नाही.

बोलून मोकळं होणं सोपं असतं. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाला त्या बोलण्याची किंमत कळू लागली. दीपमालानं न्हाणीत प्लास्टिकचा मोठा टब आणून ठेवला. आंघोळ करायची ती टबात बसून, एका बादलीत. टबातलं पाणी संडासाला. कपड्यांचं पाणी अंगण शिंपायला. भांडी आधी राखेनं कोरडीच घासायची, फडक्यानं पुसायची, मग दोन घमेल्यांत विसळायची. पहिल्या घमेल्यातलं पाणी वांग्यांना, दुसऱ्यातलं पुढच्या खेपेला पहिलं. तांदूळ धुतलेलं पाणी शेळीला. शेळी खूश होती. बाकी कोणीच नव्हतं.

अश्वजित दिवसभर स्लॅबवर काम करून यायचा. केसांत, कानांत, भुवयांवर सिमेंट.

"एका बादलीत हे सिमेंट निघन काय? जमून जाईन ना मी इथंच टबात."

"जमले तं बरंच हाय. घरात एक खांब होईन," दीपमाला म्हणायची आणि त्याच्या पाठीवर दगडानं असं घासायची की त्याला दुसरी बादली मागायचं भान राहू नये.

मुलगी आकांक्षा बारावीची परीक्षा देऊन घरी होती. तिचे केस कंबरेच्या खाली. पहिला आठवडा तिनं वेणी घालून काढला. दुसऱ्या आठवड्यात डोकं खाजवत आईपुढं उभी राहिली. आईनं टबाकडं बोट दाखवलं. पोरगी हुशार. सकाळच्या गाडीनं वर्ध्याला, पिपरी मेघेला मावशीकडं गेली, तिथं नळ रोज येतो म्हणून मनसोक्त न्हाली आणि संध्याकाळी केस मोकळे सोडून परत आली.

"केस धुवाले वर्ध्याले जाते कोनी?" दीपमाला कडाडली.

"घरचं पानी तं वाचलं ना, आई!"

दीपमालानं कपाळाला हात लावला. बापूराव मात्र इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि ठसक्यावर पाणी प्यावं लागलं.

वाचलेलं पाणी ओसरीच्या कोपऱ्यातल्या निळ्या ड्रममध्ये जायचं. नळ आला की आधी ड्रमचा वाटा, मग घराचा. तोंडाला धुतलेलं पांढरं फडकं, वर झाकण, झाकणावर दगड. दीपमाला जाता-येता ड्रमवर बोटानं टकटक करून पाणी कुठवर चढलं ते पाहायची. हातांना राखेनं भेगा पडल्या होत्या, कंबर धरली होती, शेजारणी येऊन टबाकडं पाहून हसून जात होत्या. पण आवाज एकेक वीत वर सरकत होता, आणि तो वर सरकला की तिला दिवसभराचं काही वाटत नसे. पौर्णिमेच्या आठवडाभर आधी ड्रम गळ्यापर्यंत आला.

त्याच दिवशी आकांक्षा ओसरीत थबकली. "आई, इथं कायचा वास येऊन राह्यला व?"

दीपमालानं दगड काढला, झाकण काढलं, फडकं उचललं. पाण्यावर तपकिरी साय धरली होती. कुजलेल्या गवताचा भपकारा तोंडावर आला. तिनं कोपरापर्यंत हात घातला, आणि आतून वाळ्याची एक जाड पेंडी वर आली. मुळं बुळबुळीत झाली होती. पाण्याचे काळे ओघळ तिच्या मनगटावरून खाली आले.

पाणपोईच्या रांजणात वाळा टाकायची रीतच आहे. पाणी गार लागतं, वास सुरेख येतो. पण तो टाकायचा आदल्या संध्याकाळी.

बापूराव काठी टेकत आले. ड्रमकडे पाहिलं, पेंडीकडे पाहिलं.

"मीच टाकली," ते म्हणाले. "केळझरच्या बजारातून आनली होती. ड्रमात सुरवातीलेच टाकली. म्हटलं, घरचं पानी हाय, चांगलं मुरू द्या. लोकाईनं म्हटलं पाह्यजे, बापूरावच्या पान्याची गोष्टच न्यारी."

दीपमाला ड्रमला टेकून खाली बसली. सासऱ्यापुढं तिनं कधी आवाज चढवला नव्हता. आज चढला.

"काय हौस हो तुमाले, मामाजी! मी इथं थेंब-थेंब जोडून राह्यली, अन् तुमी वास लावत बसले! आता मी पुन्हा त्या विहिरीवर जाऊ? तुमाले माईत हाय काय, काय म्हनते ते कांताबाई? पानी आमचं अन् पुन्य या लोकाईचं म्हनते. पावनी खदखदून हासली. मी गुंड ओतून वापस आली. वीस वर्सं आपल्या पानपोईवर लोकं त्यायचं पानी पेऊन राह्यले, अन् आपन बोर्ड लावून राह्यलो!"

आकांक्षा खांबाला धरून उभी राहिली. बापूरावांनी हातातली काठी भिंतीला लावून ठेवली आणि नातीचा आधार घेऊन सुनेसमोर जमिनीवर बसले.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले लागलं असतं."

"लागलंच पाह्यजे होतं," म्हातारा म्हणाला. त्यांनी भिजलेली मुळं हातात चोळली. मग विचारलं, "नळ अजून कितीक खेपा येईन पौर्णिमेपावतर?"

"दोन."

"दोन खेपांत जेवढं होईन तेवढं करू. पन त्या विहिरीवर आता तू जायचं नाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी कूलरचा आवाज नाही म्हणून दीपमाला आत डोकावली, तर खोली रिकामी. म्हातारा अंगणात बाजेवर, डोक्यावर ओला दुपट्टा, डोळे मिटून. लू अशी सुटली होती की छपराच्या कवेलूंवरच्या चिमण्यासुद्धा चोच उघडी टाकून बसल्या होत्या.

"मामाजी, आत चला. कूलर लावतो."

"तो राक्षस चार बादल्या पेते. बंद राहू दे."

"अन् तुमाले काही झालं, तं पौर्णिमेले पानपोईवर कोन बसन? कांताबाई?"

हे औषध लागू पडलं. म्हातारा उठला. तडजोड झाली ती अशी, की कूलर फक्त भर दुपारी लावायचा आणि त्यात ड्रममधलं नासलेलं पाणी गाळून घालायचं. पाणी वाया गेलं नाही, पण घरात तळ्याकाठी म्हशी बसल्याचा वास येऊ लागला. जेवताना अश्वजित नाक धरून घास घ्यायचा. तक्रार मात्र त्यानं केली नाही, उलट एक दिवस आंघोळच केली नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसलं आणि तसाच कामावर गेला. दीपमालाला त्या वेळी त्याची फार माया आली, पण ती एवढंच म्हणाली, "कानामागं सिमेंट राह्यलं."

रिकामा ड्रम तिनं चुन्यानं घासला, उन्हात तापवला. पहिल्या खेपेला नळ बरा आला. दुसऱ्या खेपेला, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, करंगळीएवढी धार. दीपमाला नळापुढं उकिडवी बसली आणि धार तुटेपर्यंत हलली नाही. पाय बधिर झाले. ड्रम पाऊण भरला, पाणपोईचे दोन्ही रांजण भरले, आणि घरात स्वयंपाकाला एक गुंड उरला. संध्याकाळी बापूरावांनी वाळ्याची नवी पेंडी तिच्या हातात दिली. "तूच टाक," म्हणाले.

पौर्णिमेला पहाटे विहारात वंदना झाली, खीर वाटली गेली. पांढरी लुगडी, पांढरे सदरे घालून घरची मंडळी हातगाडीवर ड्रम आणि रांजण घेऊन कडुनिंबाखाली आली. रांजणांना ओलं फडकं गुंडाळलं. बापूराव लाकडी खुर्चीवर बसले, पुढं स्टीलचे ग्लास ओळीनं. पहिला आला तो सायकलवाला. त्यांनी ग्लास काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला. सायकलवाला अर्धा प्याला आणि उरलेलं चाकावर ओतलं.

पुढच्यानं उरलेल्या पाण्यानं तोंड धुतलं. त्याच्या मागच्यानं चूळ भरली.

"मामाजी, अर्धाच द्या जी. लागलं तं पुन्हा मागन मानूस."

"अर्धा? आपल्या पानपोईवर?" बापूराव खवळले. "अर्धं पानी मी लहानपनी लय पेलो. भरूनच भेटन इथं."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. दीपमाला विहारात गेली आणि लेकरांना खीर देतात ते लहान ग्लास टोपलीभर घेऊन आली. मोठे उचलले, लहान मांडले. म्हाताऱ्यानं ग्लास हातात धरून फिरवून पाहिला.

"हा काय चालूपना?"

"काठोकाठ भरा ना जी. कोन नाई म्हनते? दुसरा मागतला तं दुसरा द्या, तिसरा मागतला तं तिसरा."

बापूरावांनी तिच्याकडं रागानं पाहायचा प्रयत्न केला, पण मिशीखाली हसू फुटलंच. त्यानंतर पाणी कोणी टाकलं नाही. लहान ग्लास रिता केल्याशिवाय माणूस खाली ठेवत नाही. लोक दोन-दोन, तीन-तीन मागून प्यायले, आणि प्रत्येक वेळी म्हाताऱ्याला नव्यानं देता आलं. सकाळ अशी गोडीत गेली.

दुपार कलली आणि गिरडच्या दर्ग्याला निघालेल्या माणसांचा टेम्पो सावलीला थांबला. बायका, लेकरं, म्हातारे. सगळ्यांची तोंडं वाळलेली. एक रांजण रिता झाला. दुसरा झाला. दीपमाला ड्रममधून काढून देत राहिली, आणि टेम्पो गेला तेव्हा ड्रमच्या बुडाशी तांब्या खरडल्याचा आवाज आला. सूर्य अजून बराच वर होता. रोजगार हमीच्या कामावरच्या बायका रस्त्याच्या वळणावरून येताना दिसत होत्या.

तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीवर पाण्याची टाकी. कांताबाईचा मुलगा अंकुश खाली उतरला, पाइप ओढत झाडाखाली आला.

"वयनी, कोन्या रांजनात सोडू? मायनं पाठोलं. यंदा कोनी सांगाले बी आलं नाई म्हने."

"नको, अंकुशभाऊ," दीपमाला म्हणाली.

"काऊन?"

"यंदा आमच्या घरचं पानी हाय. वापस न्या."

अंकुश पाइप हातात धरून तसाच उभा राहिला. पाइपाच्या तोंडातून थोडं पाणी त्याच्या बुटांवर गळलं. ड्रम रिता आहे हे तो पाहत होता, बायका येत आहेत हेही पाहत होता. त्याचं तोंड उतरलं. महिनाभर ज्या क्षणासाठी दीपमालानं हाडं झिजवली, तो हाच होता. तिला वाटलं होतं, फार बरं वाटेल.

"दीपमाला," बापूराव खुर्चीतून म्हणाले, "इकडं ये."

ती जवळ गेली. म्हाताऱ्यानं आवाज खाली आणला.

"माह्या बापानं एक डाव उन्हात पडलेल्या मानसाले पानी धरलं होतं. याच रस्त्यावर. तो मानूस तहानेनं तळमळे, पन आमच्या हातचं पानी त्यानं घेतलं नाई. तोंड फिरोलं. बाप लोटा धरून उभाच. त्याचं तवाचं तोंड मले अजून दिसते." त्यांनी अंकुशकडं मान वळवली. "या पोराचं तसंच झालं पाह्य. लोकाईचं पानी नाकारनं, हे त्यायचं काम होतं, बाई. आपलं नोहे."

दीपमालाच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. राग होता तो, आणि लाजही होती. टबातल्या आंघोळी, खरडलेले हात, कुजलेला ड्रम, सगळं तिला आठवलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग ती ड्रममध्ये कंबरेतून वाकली, तांब्या तिरपा करून बुडाचं शेवटचं पाणी काढलं आणि एक लहान ग्लास काठोकाठ भरला. तो घेऊन ती अंकुशसमोर गेली.

"पानी सोडा. पन पयले आमचं प्या."

अंकुशनं ग्लासकडं पाहिलं. गावातल्या लोकांच्या देखत, रस्त्यावर. रोजगार हमीच्या बायका येऊन थांबल्या होत्या आणि त्याही पाहत होत्या. वीस वर्षं तो इथं टाकी आणत होता. पण टाकी रिती करून, पाइप गुंडाळून निघून जायचा. इथं घोटभर पाणी तो कधी प्यायला नव्हता. कोणी विचारलंही नव्हतं.

त्यानं पाइप खाली ठेवला, हात पँटीला पुसले आणि ग्लास घेतला. घेताना त्याची बोटं तिच्या भेगाळलेल्या बोटांना लागली. तो एका दमात प्याला. एक थेंब टाकला नाही.

"वाळा टाकला काय?" त्यानं विचारलं.

"हाव," बापूराव खुर्चीतून मोठ्यानं म्हणाले. "काल टाकला. कालच!"

अंकुश हसला. पाइप उचलून त्यानं रांजणात सोडला. दीपमालानं फडकं धरलं, पाणी गाळून आत जाऊ लागलं. दोन्ही रांजण भरले, ड्रम भरला, बायका पुढं झाल्या, आणि बापूरावांनी पुन्हा ग्लास भरायला घेतले.

अंकुश पाइप गुंडाळून ट्रॅक्टरवर चढला, तशी दीपमाला चाकाजवळ येऊन उभी राहिली. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली,

"तुमच्या मायले सांगजो, उद्या मी येतो म्हना."

"पान्याले ना? या ना, मोटार चालू ठेवतो."

"नाई. गुंड घेऊन नाई येत. विहिरीवर बी नाई येत. घरी येतो, बसाले. घरात."

अंकुशनं गिअरवर ठेवलेला हात काढला. तो तिच्याकडं वळला.

"येजो, वयनी," तो म्हणाला. "मी घरीच राहीन."